प्रमिलाताईंची जुनी डिस्क

प्रमिलाताई रंगारींच्या तोंडून ‘झालं’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. काम संपवून, खुर्ची मागे सारून, चष्मा डबीत ठेवून त्या उभ्या राहिल्या, तरी ‘झालं का?’ म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, “होऊन राहिलं.” अहो, काय होऊन राहिलं? तुम्ही डबा पिशवीत घातला, चप्पल पायात सरकवली, आता काय ते मशीन आपोआप करणार आहे? पण नाही. “उद्या सकाळी ते आपल्या पायानं उठू दे, मंग म्हनू.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन उठलं तरी त्या म्हणायच्या नाहीतच. तोवर दुसरं काहीतरी होऊन राहिलेलं असायचं.

मी तोंडाची फटकळ. हे निम्म्या भंडाऱ्याला ठाऊक आहे आणि उरलेल्या निम्म्याला आमची वैनगंगेकाठच्या कारध्याची माणसं सांगतात. एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात मी नाव-नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दवाखाना मुख्यतः सिकलसेलच्या पेशंटांचा. आमच्या भागात हा आजार घरोघरी. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि लेकरू हातपाय धरून ओरडतं. अशा पेशंटांची सगळी माहिती, कधी दुखलं, कधी रक्त दिलं, कोणतं चाललं नाही, एका काळ्या डब्यासारख्या काँप्युटरमध्ये असायची. चार टेबलांवरचे चार काँप्युटर त्याच्याशी जोडलेले. त्यावर चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. लिनक्स म्हणतात त्याला.

हे मशीन सांभाळायला प्रमिलाताई पहिल्यांदा आल्या त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “हे संध्याकाळी बंद कोन करते?”

“मी,” मी ऐटीत सांगितलं. “बटन दाबून.”

त्यांनी कपाळाला हात लावला. “मायबाई! झोपलेल्या मानसाले तू पाय ओढून खाटेखाली पाडतेस का व?”

मला असा राग आला म्हणता! कोण कुठली बाई, जवाहरनगरच्या क्वार्टरातून येते, नवरा फॅक्टरीत, हिला काय कमी पडलं, आणि पहिल्याच दिवशी माझा पाणउतारा. मी चार दिवस त्यांना चहा विचारला नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच माझा कप आणून टेबलावर ठेवला आणि मशीन नीट कसं निजवायचं ते शिकवलं. शिकवताना एकदाही आवाज चढला नाही. माझा चढला, दोनदा.

लग्नाआधी त्या नागपूरला एका कंपनीत अशीच मशीनं सांभाळायच्या. माहेर पवनीकडचं, शेती धानाची. त्यामुळे काँप्युटरचं काहीही समजावायला त्यांना शेत नाहीतर नदी लागायची. कुठलीही फाइल त्या एका जागेवरून दुसरीकडे हलवायच्या नाहीत. नक्कल करायच्या, नक्कल तपासायच्या, आणि जुनीच्या नावापुढं ‘जुना’ लिहून ती तशीच राहू द्यायच्या. कापगते काका, म्हणजे आमच्या ट्रस्टचे सचिव, यावरून त्यांची फार चेष्टा करायचे. “मॅडम, तुमच्या मशीनमध्ये नव्यापेक्षा जुनंच जास्त आहे. घर आहे का भंगाराचं दुकान?”

“काका,” प्रमिलाताई म्हणायच्या, “धानाचा रोवना झाल्यावर चार पेंड्या पऱ्हे राखून ठेवता का नाही तुम्ही? कुठं रोप मेलं तर लावाले?”

“ठेवतो.”

“मंग मले कायले बोलता जी?”

काका हसायचे आणि पुन्हा पुढच्या महिन्यात तेच बोलायचे. मनाने सोन्यासारखा माणूस, पण हातात अधिकार आणि खिशात उदबत्ती, ही दोन्ही सदैव तयार.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता मशीन कुरकुरायला लागलं. आतली डिस्क, म्हणजे जिच्यावर सगळं लिहून ठेवलेलं असतं ती, मधूनच खरखर करायची. प्रमिलाताईंनी कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, “हिचं काही खरं नाही. सारा संसार नव्या डिस्कवर न्या लागते.” काकांनी लगेच नवी डिस्क मागवली. मग ताईंनी अट घातली की एक आख्खा दिवस कुणीही मशीनवर बसायचं नाही. “तिकडं कोनी लिहून राहिलं अन् इकडं आपन उचलून राहिलो, तर अर्धं जुनं येते अन् अर्धं नवं. मंग कोन्या लेकराची कोनती तारीख, काही पत्ता लागत नाही.” रविवार ठरला. बाहेरचे पेशंट त्या दिवशी नसतात. अचानक कुणी आलंच तर कागदावर लिहून घ्यायला म्हणून मला बोलावलं.

आता इथं एक गोष्ट समजावून सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आपल्या घरच्या काँप्युटरसारखं त्या मशीनमध्ये वेगवेगळ्या डिस्का वेगवेगळ्या दिसत नाहीत. सगळं एकाच झाडासारखं. नवी डिस्क आणली की आधी एक रिकामं फोल्डर करायचं आणि तिला हुकूम देऊन त्या जागी जोडायचं. मशीन बंद केलं की हे हातानं जोडलेलं सुटतं. पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा जोडावं लागतं. मी कारध्याची म्हणून त्यांनी मला असं सांगितलं होतं, “हे पाह्य शोभा, फोल्डर म्हनजे घाट, डिस्क म्हनजे डोंगा, नदीतली होडी. घाट तर तिथंच राहते. पन डोंगा लागला का नाही ते पाहाचं, मंगच पाय टाकाचा. नाहीतर वैनगंगेत.”

रविवारी सकाळी त्यांनी नवी डिस्क बसवली, तयार केली, हुकूम देऊन जोडली. आता नक्कल सुरू करणार, तेवढ्यात दारात कापगते काका उभे. हातात ताट, ताटात नारळ, हळदकुंकू, झेंडूची दोन फुलं.

“मॅडम, नवीन वस्तू आहे. अशीच कशी सुरू करता?”

प्रमिलाताईंच्या घरी पूजाअर्चा नव्हती. त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासून घर बौद्ध. पण त्यांनी कधी दुसऱ्याचा हिरमोड केला नाही. “मी नाही करत, तुम्ही करा जी,” त्या म्हणाल्या. “पन मशीन बंद केल्याशिवाय नारळाचं पानी इथं येनार नाही.” त्यांनी मशीन व्यवस्थित बंद केलं. काकांनी डिस्क बाहेर काढायला लावली, ताटात ठेवली, तिला कुंकवाचं बोट लावलं, नारळ बाहेर पायरीवर फोडला. माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा, ताईंच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा. ताईंनी रुमालानं डिस्क पुसली, परत बसवली, मशीन सुरू केलं, आणि खोबरं चावत चावत नक्कल करायचा हुकूम दिला.

डोंगा सुटला होता. पुन्हा लावायचा राहिला.

मला तेव्हा यातलं काही कळलं नाही, त्यांनाही नाही. पडद्यावर नावं भराभर सरकत होती आणि आम्ही दोघी ताईंच्या लेकीच्या लग्नाच्या गोष्टी करत होतो. मशीन इमानदारीनं नक्कल करत होतं, पण ती नव्या डिस्कवर जात नव्हती. जुन्याच, मरायला टेकलेल्या डिस्कवर, त्या रिकाम्या फोल्डरात साठत होती.

दुपारी बाहेर गाडीचा आवाज आला. आंबागडची यशोदा आली होती, तिच्या पोरीला, कोमलला, उचलून. बारा वर्षांची पोर, पण उचलता येईल एवढीच. अंग तापलेलं, डोळे पिवळे, आणि पाय धरून असं ओरडत होती की मला माझी खुर्ची सोडून भिंतीकडं तोंड करावं लागलं. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की हे दुखणं उसळतं. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम धावत आल्या, सलाईन लावलं, रक्त तपासलं. रक्त फारच उतरलं होतं, आजच्या आज चढवायला हवं होतं.

आणि नेमकी इथंच अडचण. कोमलला आधी बरेचदा रक्त दिलेलं. अशा पेशंटांना पुढं पुढं गट जुळला तरी रक्त जुळत नाही. चुकीचं गेलं तर जिवावर बेततं. मागे एकदा रक्त चढवताना तिला थंडी भरून आली होती, तेव्हा नागपूरला तपासणी होऊन तिला नेमकं कोणतं रक्त चालत नाही ते ठरलं होतं. ते तिच्या कार्डावर लिहिलेलं. “कार्ड?” मी विचारलं. यशोदानं नुसती मान हलवली. घाईत पोरीला उचलून निघाली, कार्ड घरीच.

“मशीनमध्ये आहे न,” प्रमिलाताई आतून म्हणाल्या. “थांबवतो मी हे, दोन मिनिटांत काढून देतो.”

त्यांनी नक्कल थांबवायला हात पुढं केला आणि पाहतात तर ती आधीच थांबलेली. पडद्यावर एकच ओळ, जागा संपली. नोंदींचा प्रोग्राम सुरू करून पाहिला, तो उठेना. डिस्क काठोकाठ भरल्यावर त्याला श्वास घ्यायलाही जागा नव्हती. नवी डिस्क एवढी मोठी, ती भरेल कशी? ताईंनी एक हुकूम टाकला, पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“शोभा,” त्या म्हणाल्या, “मी वैनगंगेत पाय टाकला.”

काका दारातच उभे. त्यांना सगळं समजलं नाही, पण एकाच डिस्कवर एकच माल दोनदा झालाय एवढं समजलं. “मग एक खोडून टाका ना मॅडम! जागा होईल, चालू होईल. पोरगी तिकडं...” आणि पडद्यावर बोट ठेवून, “हे, हे जास्तीचं दिसतं, हे उडवा.”

बाहेर कोमल ओरडत होती. यशोदा दारापर्यंत येऊन परत जात होती. मीसुद्धा म्हणाले, “ताई, करा ना काहीतरी, काहून बसल्या अशा?” खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं. पण प्रमिलाताईंनी दोन्ही हात मशीनवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

“खोडनार नाही,” त्या म्हणाल्या. “आत्ताच एक चूक झाली माह्याकडून. चुकलेल्या हातानं खोडत नसतात.”

मग त्यांनी लांबची वाट धरली. नवी डिस्क जोडली. जोडली गेली का ते पाहिलं. पुन्हा पाहिलं. मला बोलावून मोठ्यानं वाचायला लावलं, “तू वाच, माह्या डोळ्यांवर माहा भरोसा नाही आता.” मी वाचलं. मग फक्त पेशंटांच्या नोंदी जुन्या डिस्कवरून नव्यावर घ्यायला सुरुवात केली. जुनी डिस्क खरखरत होती, अडकत होती, पुन्हा चालत होती. मधेच डॉक्टर मॅडम विचारायला आल्या तेव्हा ताई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, मशीन ठीक आहे. चूक माही आहे.” पण ऐकायला वेळ कुणाला होता? डॉक्टर मॅडमनी बाहेर जाऊन यशोदाला सांगितलं, “मशीन बिघडलीय, थोडं थांब.”

तासाच्या वर गेलं. तो तास कसा गेला ते मला लिहिता येणार नाही. शेवटी नव्या डिस्कवरून प्रोग्राम उठला आणि पडद्यावर नाव आलं, कोमल, आंबागड, आणि खाली चार ओळी. त्या मी कागदावर उतरवल्या, ताईंनी वाचून पाहिल्या, डॉक्टर मॅडमनी रक्तपेढीला फोनवर सांगितल्या. गावातल्या पेढीत तसं रक्त निघालं, हे त्या पोरीचं नशीब. संध्याकाळपर्यंत कोमल झोपली. यशोदा तिच्या पायाशी बसून होती. प्रमिलाताई मशीनपाशी बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. काकांनी ज्याच्यावर बोट ठेवलं होतं ते फोल्डर नक्कल नव्हतं. ती मूळ चीज होती. ते उडवलं असतं तर खाली अर्धवट नक्कल उरली असती, आणि कोमलचं नाव त्या अर्ध्यात होतं की नाही, देव जाणे. काकांना हे कळलं तेव्हा ते मटकन खाली बसले. “मॅडम, त्या नारळामुळं झालं का हे सगळं?”

“नारळानं काही नाही केलं जी,” ताई म्हणाल्या. “पाहाचं माहं काम होतं. मी खोबरं खाऊन राहिली.”

मी त्यांना म्हणाले, “ताई, काही म्हणा, तुम्ही हुशार म्हणून निभावलं.”

त्या खवळल्या. हो, मी त्यांना खवळलेलं तेवढं एकदाच पाहिलं. “हुशार? मी हुशार असती तर मले जुनं राखून ठेवाची गरज काय होती? आपन चुकतो हे मले माहीत आहे, म्हनून राखतो.”

मागच्या हिवाळ्यात प्रमिलाताई गेल्या. काही आजार नाही, काही नाही, झोपेतच. जवाहरनगरला बौद्ध रीतीनं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं उठून उठून बोलली. काकांना तर रडूच आवरेना. सगळे त्यांच्या हुशारीबद्दल बोलले. मलाही बोला म्हणाले, पण मी, एवढी तोंडाळ बाई, बसूनच राहिले. मला सांगायचं होतं ते हुशारीचं नव्हतंच. ते आंबागडचं होतं.

त्या रविवारनंतर आठवडाभरानं ताई मला म्हणाल्या, “शोभा, आंबागडले येतेस का माह्यासंगं?”

“कशाला?”

“यशोदाबाईले सांगाचं आहे. तिले वाटते मशीन बिघडली होती.”

मी तर उडालेच. “ताई, डोकं ठिकाणावर आहे का? पोरगी बरी झाली, घरी गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सांगायचंच असेल तर फोन करा.”

“फोनवर नीट शिव्या देता येत नाहीत व मानसाले,” त्या म्हणाल्या. “तिले समोर पाहिजे कोनी.”

गेलो. तुमसरहून पुढं दुसरी गाडी, आणि गाडीतून उतरून उन्हातून चालत. किल्ल्याच्या डोंगराखाली यशोदाचं घर. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, वास नाकात भरून राहिलेला. कोमल ओसरीत खाटेवर बसली होती, पाय हलवत. आम्हाला पाहून यशोदा धावतच आली, पाणी आणलं, ताईंच्या पाया पडायला वाकली. “मशीन बिघडली तरी तुमी माही पोट्टी वाचवली बाई.”

ताईंनी तिचे खांदे धरले, तिला वाकू दिलं नाही. “मशीन बिघडली नव्हती यशोदाबाई. मी चुकली. मी एक गोष्ट पाहिली नाही, म्हनून तुह्या पोरीले तेवढा वेळ तळमळा लागलं. हे सांगाले आली मी.”

यशोदाचा चेहरा बदलला. “म्हनजे? पोट्टी माह्या मांडीवर आरडून राहिली होती, अन् तुमी तिकडं... अन् मी आठ दिस मशीनले शिव्या देऊन राहिली?” आणि मग तिनं तोंड सोडलं. शिकलेल्या बायांना, आमच्या दवाखान्याला, आमच्या पंख्याखालच्या खुर्च्यांना. शेजारच्या बाया कुंपणाशी आल्या. मी मधे पडायला निघाले तर ताईंनी माझा हात दाबून धरला. त्यांनी सगळं ऐकलं. मान खाली नाही, वर नाही, समोर पाहत ऐकलं.

बोलून बोलून यशोदा दमली. मोहफुलांपाशी खाली बसली. पदर डोळ्यांना लावला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “बारा वर्सं झाली बाई, मी या पोट्टीले घेऊन फिरून राहिली. कोनी मले सांगलं नाही का आमच्याकडून चुकलं. सारे सांगतात, हे रक्तातून येते, मायबापाच्या. माही सासू म्हनते, गाव म्हनते. माह्या रक्तातून आलं. पोट्टी आरडली का मले वाटते मीच करून राहिली तिले.” तिनं ताईंकडे पाहिलं. “आज पयल्यांदा कोनी दुसऱ्यानं म्हटलं, माही चूक.”

प्रमिलाताई पदर खोचून तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि मोहफुलांतला कचरा निवडायला लागल्या. मग मीही बसले. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघी निवडत होतो, आणि तुमसरची गाडी आमची चुकली.